एका संगणकावर दोन जावा असताना प्रत्येक प्रोग्रॅमला त्याचे जावा कसे मिळवून द्यावे

कर-कपातीचे तिमाही विवरणपत्र भरण्याची ३१ जुलैची मुदत जवळ आली, की फोर्टपासून दादरपर्यंतच्या लहान करसल्लागार कार्यालयांतून संगणक सांभाळणाऱ्या माणसाला एकाच प्रकारचे निरोप येऊ लागतात. गेल्या तिमाहीत व्यवस्थित चाललेला विवरणपत्राचा प्रोग्रॅम आता उघडतच नाही, किंवा क्षणभर काळी विंडो दिसते आणि नाहीशी होते. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी फरक पडत नाही. अशा वेळी बहुधा प्रोग्रॅम बिघडलेला नसतो आणि जावाही, म्हणजे असे प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात ते संगणकावरील सॉफ्टवेअरही, बिघडलेले नसते. मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्या कामासाठी जावाची वेगळी आवृत्ती त्याच संगणकावर टाकलेली असते, आणि प्रोग्रॅमने जावाला हाक मारली की भलतेच जावा ओ देते. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतही हेच घडते, कारण एका विषयाच्या प्रात्यक्षिकाला जुने जावा लागते, दुसऱ्याला नवे, आणि दोन्ही वर्ग त्याच यंत्रांवर बसतात.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘पाथ बदला’, म्हणजे प्रोग्रॅम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे याची संगणकातली यादी बदला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. संपूर्ण संगणकाचा पाथ बदलल्याने एक प्रोग्रॅम सुरू होतो आणि दुसरा बंद पडतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्यासाठी कोणीतरी तो पुन्हा उलटा फिरवतो. माझे मत असे, की आधी नेमके कोणते जावा सापडते आहे ते पाहावे, आणि मग ज्या प्रोग्रॅमला अडचण आहे त्या एकट्यालाच त्याचे जावा बांधून द्यावे. सर्वांसाठीच्या पाथला हात लावण्याची वेळ त्यानंतरही फार थोड्या वेळा येते. पुढील विवेचन मुख्यतः विंडोजविषयी आहे, कारण मुंबईतल्या कार्यालयांत बहुतेक ठिकाणी तेच असते. लिनक्स आणि मॅकविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

एक सूचना आरंभीच द्यावी लागेल. या लेखातील आज्ञा, फोल्डरांची नावे आणि व्हेरिएबलांची (म्हणजे संगणकाने नावाने जपून ठेवलेल्या किमतींची) नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावीत. चिन्हे मात्र, म्हणजे वजाचिन्ह, टक्क्याचे चिन्ह, अवतरणचिन्हे आणि उलटी तिरकी रेघ, जशी दिसतात तशीच्या तशी ठेवावीत.

कोणते जावा सापडते आहे?

स्टार्ट मेन्यूमध्ये सीएमडी असे टंकून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याची काळी विंडो, उघडावा आणि ही आज्ञा द्यावी :

जावा -व्हर्जन

उत्तराच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक असतो. तो १.८.० असा सुरू झाला तर ते जावा ८ आहे, कारण आठव्या आवृत्तीपर्यंत क्रमांकाच्या आधी एक आणि टिंब लिहिण्याची पद्धत होती. नवव्या आवृत्तीपासून क्रमांक सरळ लिहितात, म्हणून ११, १७ किंवा २१ असे दिसेल. शेवटच्या ओळीत ‘६४-बिट’ हा शब्द आहे की नाही, हेही पाहून ठेवावे. तो नसेल तर ते जावा ३२ बिटांचे आहे, आणि काही जुने प्रोग्रॅम नेमके त्याच्यावरच अवलंबून असतात. आज्ञाच ओळखता येत नाही असे उत्तर आले, तर जावा पाथवर नाही एवढेच सिद्ध होते. ते संगणकावर नाहीच, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

वरील आज्ञा कोणते जावा मिळाले ते सांगते, पण कोठून मिळाले आणि रांगेत आणखी कोण उभे आहे ते सांगत नाही. त्यासाठी ही दुसरी आज्ञा आहे :

व्हेअर जावा

अडचण असलेल्या संगणकावर हीच आज्ञा सर्वांत आधी द्यावी, कारण निम्मे निदान तिच्यातच असते. गिरगावातल्या एका कार्यालयात तिचे उत्तर असे आले होते :

सी:\प्रोग्रॅम फाइल्स\कॉमन फाइल्स\ओरॅकल\जावा\जावापाथ\जावा.एक्सई
सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-१७\बिन\जावा.एक्सई
सी:\प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)\जावा\जेआरई१.८.०_२०२\बिन\जावा.एक्सई

या तीन ओळी वाचण्याची रीत अशी. ओळींचा क्रम हाच शोधाचा क्रम असतो आणि पहिली ओळ जिंकते. येथे पहिल्या ओळीतला ‘जावापाथ’ नावाचा फोल्डर जावा तयार करणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या इन्स्टॉलरने स्वतःहून तयार केलेला आहे, आणि नवे जावा टाकले की तो सहसा यादीच्या अगदी आरंभी जाऊन बसतो. त्याच्या नावात आवृत्तीचा क्रमांक नसल्यामुळे तेथे कोणते जावा आहे हे नुसते पाहून कळत नाही. त्या कार्यालयात ते १७ होते. विवरणपत्राच्या प्रोग्रॅमला हवे असलेले जावा ८ तिसऱ्या ओळीवर शाबूत होते, फक्त त्याच्यापर्यंत पाळीच येत नव्हती. तिसऱ्या ओळीतले ‘एक्स८६’ हे ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांच्या फोल्डराचे चिन्ह आहे, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

पॉवरशेल ही विंडोजमधली आज्ञा देण्याची दुसरी विंडो वापरणाऱ्यांनी येथे सावध राहावे. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाला वेगळाच अर्थ दिलेला आहे, म्हणून वरील आज्ञा तेथे दिली तर काहीही उत्तर न येता पुढची ओळ येते, आणि जावा नाहीच असा समज होतो. तेथे ‘व्हेअर.एक्सई जावा’ असे पूर्ण नाव लिहावे.

शोध कसा घेतला जातो

एखाद्या प्रोग्रॅमने नुसते ‘जावा’ असे नाव घेतले, की विंडोज त्या नावाची चालवता येणारी फाइल शोधू लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम आपण उभे असलेला फोल्डर पाहिला जातो आणि त्यानंतर ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले फोल्डर एकामागून एक. पाथ म्हणजे अर्धविरामांनी तोडलेली फोल्डरांची एक लांब यादी, आणि तिच्यात पहिले जे सापडेल तेथे शोध थांबतो. मुंबईत महात्मा गांधी रोड फोर्टला आहे, घाटकोपरला आहे आणि मुलुंडलाही आहे. पार्सलावर उपनगर न लिहिता फक्त रस्त्याचे नाव लिहिले, तर पोहोचवणारा ज्या बाजूने सुरुवात करील तेथला रस्ता त्याला आधी लागेल. ‘जावा’ हे नाव तसेच बिनउपनगराचे आहे. पूर्ण पत्ता दिला की प्रश्नच उरत नाही, आणि पुढे सुचवलेल्या उपायाचे मर्म तेच आहे.

विंडोजमध्ये पाथ दोन ठिकाणी साठवलेला असतो. एक संपूर्ण संगणकाचा, म्हणजे सिस्टीमचा, आणि दुसरा त्या त्या वापरकर्त्याचा, म्हणजे युजरचा. प्रोग्रॅमला मिळणारी यादी या दोहोंना जोडून बनते, आणि तिच्यात सिस्टीमचा भाग आधी व युजरचा नंतर असतो. या एका गोष्टीमुळे अनेकांचा तासन् तास वेळ जातो. माणूस आपल्या युजर पाथमध्ये, तेही अगदी सर्वांत वर, जावा ८चा फोल्डर काळजीपूर्वक लिहितो, सर्व विंडो बंद करून पुन्हा उघडतो, आणि तरीही उत्तर १७च येते, कारण १७चा फोल्डर सिस्टीम पाथमध्ये आहे. युजर पाथमध्ये कितीही वर लिहिले तरी सिस्टीम पाथच्या पुढे जाता येत नाही.

प्रोग्रॅम काय सांगतो आहे ते वाचावे

चुकीचे जावा सापडण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोहोंचे संदेश वेगळे असतात. प्रोग्रॅम नवा आणि जावा जुने असेल, तर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ असा संदेश येतो. त्यात दोन क्रमांक असतात, पहिला प्रोग्रॅम ज्या आवृत्तीसाठी तयार झाला तिचा आणि दुसरा समोरच्या जावाला जास्तीत जास्त समजणाऱ्या आवृत्तीचा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७ आणि ६५ म्हणजे जावा २१. क्रमांकातून ४४ वजा केले की आवृत्ती मिळते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. संदेशात ६१ आणि ५२ दिसले, तर प्रोग्रॅमला १७ हवे आहे आणि त्याला ८ मिळाले आहे, हे कोणालाही न विचारता कळते.

उलट प्रकारात, म्हणजे प्रोग्रॅम जुना आणि जावा नवे असताना, संदेश इतका स्पष्ट नसतो. जावा ८ मार्च २०१४ मध्ये आले आणि कार्यालयीन वापराचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच्यावर बेतले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११मधून काही जुने भाग काढून टाकण्यात आले. एक्सएमएल फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी वापरला जाणारा ‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ हा भाग त्यांपैकी एक, आणि खिडक्या व बटणे रेखाटणारे जावाएफएक्स दुसरे, जे ओरॅकलच्या जावा ८ सोबत आपोआप येत असे. त्यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या जावावर अमुक क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा घटक, सापडत नाही असे म्हणून थांबतो, किंवा काहीच न बोलता बंद होतो. नवी आवृत्ती आहे म्हणजे जुन्याचे सगळे तिच्यात असणारच, ही समजूत जावाच्या बाबतीत खरी नाही.

संदेश दिसण्याआधीच विंडो नाहीशी होत असेल, तर प्रोग्रॅमवर डबल क्लिक करण्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडून, प्रोग्रॅमच्या फोल्डरात जाऊन, ‘जावा -जार’ आणि त्यापुढे प्रोग्रॅमच्या जार फाइलचे (जावाचा प्रोग्रॅम ज्या एका फाइलमध्ये बांधलेला असतो तिचे) नाव असे टंकावे. म्हणजे संदेश पडद्यावर टिकून राहतो.

डबल क्लिकचा मार्ग निराळा असतो

कार्यालयांत पाथ नीट केल्यावरही तक्रार कायम राहते, याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. जार प्रकारच्या फाइलवर डबल क्लिक केले जाते तेव्हा विंडोज पाथ पाहत नाही. त्या प्रकारच्या फाइली कोणत्या प्रोग्रॅमने उघडायच्या याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत असते, आणि तेथे बहुधा ‘जावाडब्ल्यू.एक्सई’चा, म्हणजे काळी विंडो न दाखवता चालणाऱ्या जावाचा, पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. शेवटी टाकलेल्या जावाने तो पत्ता बदललेला असू शकतो, किंवा काढून टाकलेल्या जावाचा पत्ता तेथे तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून ‘जावा -व्हर्जन’ला उत्तर ८ येते आणि तरीही डबल क्लिकने उघडलेला प्रोग्रॅम १७वर चालतो, हे अगदी शक्य आहे. नोंद पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘असोक .जार’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात बहुधा ‘जारफाइल’ असे नाव येते. मग ‘एफटाइप जारफाइल’ असे विचारले, की पत्ता दिसतो. मात्र वापरकर्त्याने ‘ओपन विथ’मधून कधी वेगळी निवड केलेली असेल, तर ती या दोन्ही आज्ञांच्या उत्तरात दिसत नाही आणि तरीही तीच लागू होते.

ही नोंद बदलता येते, पण बदलू नये असे मला वाटते. ती सर्व जार फाइलींना एकदम लागू होते, म्हणजे पुन्हा तीच एकासाठी दुसऱ्याला अडवण्याची गोष्ट. त्यापेक्षा पुढील उपाय करावा.

प्रोग्रॅमसोबत त्याची सुरुवातीची फाइल ठेवणे

कल्पना साधी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फोल्डरात एक लहान बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची साधी फाइल, ठेवायची, तिच्यात त्या प्रोग्रॅमच्या जावाचा पूर्ण पत्ता लिहायचा, आणि डेस्कटॉपवर प्रोग्रॅमऐवजी या फाइलचा शॉर्टकट द्यायचा. त्यामुळे सिस्टीम पाथमध्ये काहीही असले, उद्या कोणी जावा २१ टाकले, तरी या प्रोग्रॅमला त्याची झळ लागत नाही.

आधी हवे ते जावा एका ठरावीक, छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवावे. उदाहरणार्थ, सी ड्राइव्हवर ‘जावा’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘जावा८’ आणि ‘जावा१७’ असे दोन फोल्डर. जावाची झिप स्वरूपातली प्रत मिळाली तर तीच घ्यावी, कारण ती नुसती उलगडून ठेवली की चालते आणि पाथला किंवा रजिस्ट्रीला स्पर्शही करत नाही. एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखालील टेमुरिन ही मोफत प्रत अशा झिप स्वरूपात मिळते. जुन्या प्रोग्रॅमला जावाएफएक्स लागत असेल, तर ते टेमुरिनच्या जावा ८मध्ये नसते. अशा वेळी अझुलच्या झुलू या प्रतीचा जावाएफएक्ससह असलेला प्रकार घ्यावा. ओरॅकलचेच जावा ८ घ्यायचे असल्यास परवाना वाचूनच घ्यावे, कारण एप्रिल २०१९ पासूनच्या त्याच्या सुधारित प्रती वैयक्तिक वापराला मोकळ्या असल्या, तरी व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि करसल्लागाराचे कार्यालय हा व्यावसायिक वापरच आहे. प्रोग्रॅम पुरवणाऱ्याने विशिष्ट प्रतीचे नाव दिले असेल, तर अर्थातच तेच पाळावे.

मग नोटपॅड उघडून पुढील ओळी लिहाव्यात :

@एको ऑफ
सेटलोकल
सेट "जावा_होम=सी:\जावा\जावा८"
सेट "पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%"
सीडी /डी "%~डीपी०"
"%जावा_होम%\बिन\जावा.एक्सई" -जार "विवरण.जार"
पॉज

दुसऱ्या ओळीतल्या ‘सेटलोकल’मुळे पुढचे बदल या फाइलपुरतेच राहतात. तिसरी ओळ जावाचे घर सांगते. चौथी ओळ त्या घरातला ‘बिन’ फोल्डर पाथच्या आरंभी जोडते, म्हणजे प्रोग्रॅमने पुढे स्वतःहून दुसरे जावा हाक मारून बोलावले, तरी त्यालाही हेच मिळेल. पाचवी ओळ बॅच फाइल ज्या फोल्डरात आहे तेथे नेऊन सोडते, कारण अनेक प्रोग्रॅम आपल्या सोबतच्या फाइली चालू फोल्डरातच शोधतात. सहाव्या ओळीत ‘विवरण.जार’च्या जागी आपल्या प्रोग्रॅमच्या फाइलचे खरे नाव लिहावे. ‘पॉज’मुळे काही चुकले तर संदेश वाचता येतो, आणि सर्व काही सुरळीत चालू लागल्यावर ती ओळ काढली तरी चालते.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत अवतरणचिन्ह नावाच्या आधी सुरू होते आणि किमतीनंतर संपते, ही रचना मुद्दाम केलेली आहे. अवतरणचिन्हे किमतीभोवती घातली, तर ती किमतीचाच भाग होतात आणि पुढे पत्त्यात घुसतात. अजिबात घातली नाहीत, तर ओळीच्या शेवटी राहिलेली एखादी न दिसणारी मोकळी जागासुद्धा पत्त्यात शिरते, आणि समोर बरोबर दिसणारा पत्ता सापडेनासा होतो. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. ‘जावा_होम’नंतर जागा सोडली, तर विंडोज ती जागा नावातच धरते आणि भलत्याच नावाचे व्हेरिएबल तयार होते.

फाइल जतन करताना नोटपॅडमध्ये प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडून नावाच्या शेवटी ‘.बॅट’ लिहावे, नाहीतर तिच्यामागे ‘.टीएक्सटी’ लागते आणि डबल क्लिक केल्यावर ती नुसती वाचायला उघडते. काळी विंडो मागे दिसत राहू नये असे वाटत असेल, तर सहाव्या ओळीच्या जागी ‘स्टार्ट "" "%जावा_होम%\बिन\जावाडब्ल्यू.एक्सई" -जार "विवरण.जार"’ असे लिहून ‘पॉज’ काढावे. ‘स्टार्ट’नंतरची रिकामी अवतरणचिन्हे अनावश्यक वाटली तरी वगळू नयेत, कारण ‘स्टार्ट’ अवतरणातला पहिला मजकूर विंडोचे शीर्षक मानते.

जुन्या जावाच्या बाबतीत या उपायाचा आणखी एक लाभ आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेले जावा सर्व संगणकासाठी मोकळे ठेवणे योग्य नाही. ते पाथवर नसेल आणि फक्त एका बॅच फाइलमधून चालत असेल, तर इतर कोणत्याही प्रोग्रॅमला ते चुकूनही लागत नाही.

सर्वांसाठीचा पाथ बदलावाच लागला तर

प्रयोगशाळेत किंवा विकसकाच्या संगणकावर सर्वसाधारण वापरासाठी एक ठरावीक जावा असणे सोयीचे असते. त्यासाठी स्टार्ट मेन्यूमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टंकून ‘एडिट द सिस्टीम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडावे आणि तेथे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ हे बटण दाबावे. वरच्या भागात युजरची आणि खालच्या भागात सिस्टीमची व्हेरिएबले असतात, आणि खालच्यांना हात लावण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. प्रथम खालच्या भागात ‘न्यू’ दाबून ‘जावा_होम’ तयार करावे आणि त्याची किंमत म्हणून जावाचा मुख्य फोल्डर द्यावा, ‘बिन’ नव्हे. ही चूक अतिशय सामान्य आहे. मावेन आणि ग्रेडल यांसारखी, विकसक जावाचे प्रोग्रॅम बांधायला वापरतात ती साधने ‘जावा_होम’च्या पुढे ‘बिन’ स्वतः जोडतात, म्हणून किमतीतच बिन लिहिले तर ती ‘बिन\बिन’ शोधत बसतात. मग त्याच खालच्या भागातील ‘पाथ’ उघडून ‘%जावा_होम%\बिन’ अशी नवी नोंद करावी आणि ‘मूव्ह अप’ दाबत ती जावापाथच्या वर न्यावी. दोन्ही व्हेरिएबले एकाच भागात ठेवावीत. सिस्टीमच्या पाथमधून युजरच्या व्हेरिएबलचा उल्लेख केला, तर तो उलगडत नाही.

पाथ बदलण्यापूर्वी त्याची जुनी किंमत एका साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवावी, हे कळकळीने सांगतो. त्या यादीत जावाखेरीज प्रिंटरपासून डेटाबेसपर्यंत अनेकांच्या नोंदी असतात आणि त्या पुन्हा आठवून लिहिता येत नाहीत. याच कारणासाठी ‘सेटएक्स पाथ’ ही ठिकठिकाणी सुचवली जाणारी आज्ञा पाथसाठी वापरू नये. ती १,०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि ‘%पाथ%’ जोडून वापरली तर सिस्टीम व युजर या दोन्ही याद्यांची खिचडी करून ती युजर पाथमध्ये लिहून ठेवते. ‘जावा_होम’सारख्या छोट्या व्हेरिएबलसाठी ती आज्ञा ठीक आहे.

बदल केल्यावर आधीपासून उघड्या असलेल्या विंडोंना तो कळत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच त्याच्या व्हेरिएबलांची एक प्रत मिळते आणि तो शेवटपर्यंत तीच वापरतो. म्हणून कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडावा. व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहिण्याच्या संपादकातले टर्मिनल (आज्ञांची विंडो) वापरत असल्यास केवळ टर्मिनल बंद करून भागत नाही. ते व्हीएस कोडकडूनच जुनी प्रत घेते, त्यामुळे व्हीएस कोडच पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे लागते. विंडोजच्या सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी संगणक पुन्हा सुरू करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

त्यानंतरही एखादे साधन वेगळेच जावा वापरत असेल, तर ते स्वतः कोणाचे ऐकते हे पाहावे. मावेनला ‘एमव्हीएन -व्हर्जन’ असे विचारले, की ते वापरत असलेल्या जावाचा पत्ताही सांगते. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरच्या बॅच फाइली ‘जेआरई_होम’ हे व्हेरिएबल आधी पाहतात आणि ते नसेल तरच ‘जावा_होम’कडे वळतात, म्हणून कोण्या काळी लिहून ठेवलेले ‘जेआरई_होम’ सगळी मेहनत फुकट घालवू शकते. एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या संपादकाला त्याच्या ‘एक्लिप्स.आयएनआय’ या फाइलमध्ये ‘-व्हीएम’ ही एक ओळ आणि तिच्या खालच्या स्वतंत्र ओळीवर जावाचा पत्ता असे लिहून देता येते. दोन्ही ओळी ‘-व्हीएमआर्ग्ज’च्या वर असल्या पाहिजेत. ‘क्लासपाथ’ नावाचे, जावाने क्लास कोठे शोधायचे ते सांगणारे व्हेरिएबल जुन्या पुस्तकांच्या सांगण्यावरून कोणी तयार केलेले आढळल्यास, आणि कोणताही चालू प्रोग्रॅम त्यावर अवलंबून नसल्याची खात्री झाल्यास, ते काढून टाकावे.

लिनक्स, मॅक आणि पायथन

उबंटूवर ‘टाइप -ए जावा’ ही आज्ञा ‘व्हेअर’चे काम करते. सर्वांसाठीची निवड ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ या आज्ञेने करता येते, आणि लिहिलेला प्रोग्रॅम चालवण्याजोगा करणाऱ्या संकलकासाठी ‘जावासी’ची निवड वेगळी करावी लागते, हे पुष्कळजण विसरतात. मॅकवर ‘/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही’ (यातले व्ही हे अक्षर मोठे) ही आज्ञा संगणकावरील सर्व जावांची यादी देते. तेच व्ही लहान लिहून पुढे १७ लिहिले, की जावा १७चा पत्ता मिळतो आणि तो ‘जावा_होम’मध्ये भरता येतो. दोन्ही ठिकाणी पाथमधील फोल्डर अर्धविरामाऐवजी अपूर्णविरामाने, म्हणजे एकावर एक दोन टिंबांनी तोडलेले असतात. पाथ बदलूनही बॅश (तेथे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम) जुनेच जावा चालवत राहिले, तर ‘हॅश -आर’ ही आज्ञा द्यावी, कारण बॅश एकदा सापडलेले पत्ते लक्षात ठेवते.

पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचे तत्त्व हेच आहे, पण विंडोजवर त्याची एक खास अडचण आहे. ‘पायथन’ टंकले की कधीकधी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते, कारण विंडोजने ‘विंडोजअ‍ॅप्स’ नावाच्या फोल्डरात त्या नावाची एक पोकळ फाइल ठेवलेली असते आणि शोध तिच्यापाशीच थांबतो. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस’ शोधून पायथनसमोरची बटणे बंद करावीत. अनेक आवृत्त्या असतील तर पाथशी झटापट न करता ‘पीवाय -३.११’ असे आवृत्तीसह बोलवावे.

कार्यालयातील बॅच फाइलमध्ये शेवटची एक भर घालावी. ‘@एको ऑफ’च्या खाली ‘रेम’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ लिहावी आणि तिच्यात प्रोग्रॅमची आवृत्ती, त्याला लागणारे जावा, ते किती बिटांचे आहे आणि ओळ लिहिल्याची तारीख नोंदवावी. ‘रेम’ने सुरू होणारी ओळ संगणक चालवत नाही, ती माणसांसाठी असते. विवरणपत्राच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, की तिच्या सोबतच्या सूचनांत जावाची अट बदलली आहे का ते पाहून फक्त ‘जावा_होम’ची किंमत देणारी ओळ आणि ही ‘रेम’ची ओळ दुरुस्त करावी, आणि नव्या आवृत्तीने एकतरी विवरणपत्र व्यवस्थित तयार होईपर्यंत जुन्या जावाचा फोल्डर काढून टाकू नये.